मनाली–लेह–खारदुंगला सायकलने: वेळापत्रक मुक्कामाच्या उंचीवरून ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही तिघे मित्र, वयं चाळीसच्या आसपास, पुण्यात राहतो. सिंहगड नेहमी करतो, तिघांचीही ३०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) वेळेत झाली आहे. ऑगस्टमध्ये मनालीहून लेह आणि पुढे खारदुंगला खिंड असं ८ दिवसांत करायचं ठरवतोय. रोजचे सरासरी ६५ किलोमीटर पडतात, म्हणजे फार अवघड नसावं. सायकल कोणती न्यावी, तयारी काय करावी, उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्सची गोळी घ्यावी का?"

जमेल तुम्हाला. पायांत ताकद आहे, लांब बसायची सवय आहे. पण ८ दिवसांत करू नका, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तर नकोच. या रस्त्यावर सायकलवाल्यांना नेणं हे माझं काम आहे, आणि अर्ध्यातून गाडीत बसवून खाली आणावी लागलेली माणसं बहुतेक तुमच्यासारखीच होती: तगडी, शिस्तीची, भरपूर सराव केलेली. पाय कोणाचेच थकले नव्हते, बाधली ती उंची.

"रोजचे सरासरी ६५ किलोमीटर" हा हिशेब सह्याद्रीत चालतो, तिकडे चालत नाही. मनाली साधारण २०५० मीटरवर, लेह ३५०० मीटरवर, आणि मधे रोहतांग (३९७८), बारालाचा (सुमारे ४८९०), नकीला (सुमारे ४७४०), लाचुंगला (सुमारे ५०६०) आणि तांगलांगला (५३२८) या खिंडी. आकडे बघून सगळे खिंडींना घाबरतात. खिंडीवर तुम्ही जेमतेम अर्धा तास असता. फोटो काढता, चहा पिता, उतरता. शरीराचं काय होणार हे ठरतं रात्री, तुम्ही किती उंचीवर झोपता त्यावरून. म्हणून वहीत पहिला रकाना मुक्कामाच्या उंचीचा आखा, किलोमीटरचा नंतर.

डॉक्टरांमध्ये सर्वमान्य असलेला नियम साधा आहे. ३००० मीटरच्या वर गेल्यावर आजची झोपायची जागा कालच्यापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नसावी, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जादा काढावी. दिवसा कितीही वर जाऊन आलात तरी चालतं.

आता तुमचे ८ दिवस या नियमावर ठेवून बघू. बहुतेक जण असेच आखतात: मढी, सिस्सू, जिस्पा, सरचू, पांग, रुमत्से, लेह आणि आठव्या दिवशी खारदुंगला. मुक्कामांची उंची अंदाजे ३३००, ३१००, ३२००, मग एकदम ४२९०, ४६००, ४२००, ३५००. जिस्पा ते सरचू या एका दिवसात झोपायची जागा जवळजवळ ११०० मीटर वर जाते. आणि तो दिवस ८० किलोमीटरच्या घरातला, बारालाचा चढून, वाऱ्यात उतरून, दमून-भागून संपतो. संध्याकाळी सरचूच्या तंबूत जेवण जात नाही, डोकं ठणकतं, रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी वाटेतला सगळ्यात कठीण टप्पा समोर असतो.

पुढची गोष्ट नकाशावर चटकन ध्यानात येत नाही. सरचूला कोणी आजारी पडला तर त्याला खाली न्यायचं म्हणजे आधी बारालाचावर चढवायचं, म्हणजे ६०० मीटर वर, आणि मग केलाँगकडे उतरवायचं. पांगला पडला तर एका बाजूला लाचुंगला, दुसऱ्या बाजूला तांगलांगला. दोन्हीकडे ५००० मीटरच्या वरची खिंड ओलांडल्याशिवाय खाली जायला रस्ताच नाही. उंचीच्या आजारावर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणं, आणि बारालाचा ते तांगलांगला या पट्ट्यात नेमकं तेच सोपं नाही. बारालाचा ओलांडायच्या आधी शरीर तयार हवं ते यासाठी. अलीकडच्या बाजूला असेपर्यंत सायकल वळवली की दोन तासांत तुम्ही जिस्पात, हिरवळीत, भागा नदीच्या काठी असता. पलीकडे ती सोय नाही.

म्हणून मी असं आखेन. मनालीत दोन रात्री, त्यात एक दिवस सोलंगकडे हलकी फेरी. पहिला दिवस मढी. दुसरा रोहतांग ओलांडून सिस्सू. तिसरा तांदी, केलाँग करत जिस्पा. चौथ्या दिवशी जिस्पातच मुक्काम, पण झोपून राहू नका. दारचाच्या पुढे पटसेओपर्यंत रमतगमत चढून परत या. पाचव्या दिवशी सामानासह पटसेओ किंवा त्याच्या जवळचा दीपकताल, साधारण ३८०० मीटर. ही वाढ ५०० हून जरा जास्त आहे, म्हणूनच आधी जिस्पाची जादा रात्र. सहाव्या दिवशी फक्त झिंगझिंगबार, ४२७० मीटर. सातव्या दिवशी बारालाचा करून सरचू.

झिंगझिंगबार आणि सरचू यांची उंची जवळजवळ सारखी आहे. मधे एवढी मोठी खिंड पार करता, पण शरीराच्या दृष्टीने ती त्याच उंचीवरची दुसरी रात्र असते. नियमात सांगितलेली जादा रात्र अशी चालत्या रस्त्यावरच मिळते. माझ्या मते अख्ख्या वेळापत्रकातली सगळ्यात मोलाची जागा ही आहे, आणि मोडतं ते इथेच. कारण पटसेओ ते झिंगझिंगबार हा जेमतेम १५ किलोमीटरचा तुकडा आहे. सकाळी साडेदहा-अकराला तुम्ही पोचलेले असता, ऊन छान असतं, पाय म्हणतात चल, आणि कोणीतरी म्हणतंच, "इथे दिवसभर बसून काय करायचं, संध्याकाळपर्यंत सरचू गाठू." नाही म्हणायचं. ढाब्यावर राजमा-चावल खा, सायकलची चेन पुसा, दुपारी पायी शंभर-दोनशे मीटर चढून या, लवकर झोपा.

आठवा दिवस सरचू ते पांग. गाटा लूप्सची २१ वळणं, नकीला, मधला उतार आणि मग लाचुंगला. हा खरा कस. वळणांचं फार नाव आहे, पण ती चढायला बरी, चढण एकसारखी आहे, गिअर लावला की लय सापडते. त्रास होतो तो नकीलानंतर. एक खिंड झाली म्हणून मन सैल पडतं, रस्ता खाली व्हिस्की नाल्याकडे घसरतो आणि पुन्हा तीनशेहून अधिक मीटर चढायचे असतात, तेही दुपारच्या वाऱ्यात. म्हणून या दिवशी उजाडायच्या आधी नाश्ता, उजाडताच सायकल. दोन वाजेपर्यंत लाचुंगला झाला नसेल तर गाडीत बसा. व्हिस्की नाल्याला मुक्काम करून दिवस तोडायचा मोह होतो, तंबूही दिसतात, पण ती जागा ४७०० मीटरच्या वर आहे, पांगपेक्षाही उंच. तिथे झोपण्यात काही फायदा नाही.

नवव्या दिवशी पांगच्या वरचा छोटा चढ संपला की मोरे मैदान. सुमारे ४० किलोमीटर सपाट, ४७०० मीटरवर, दोन्हीकडे डोंगर, मधे गुळगुळीत रस्ता. सकाळी स्वर्ग. दुपारी बाराच्या पुढे समोरून असा वारा सुटतो की सपाटीवरही ताशी ९-१० किलोमीटरला माणूस जेरीस येतो. तिघे आहात, तर रांगेत चालवा, दर दोन किलोमीटरला पुढचा बदला. डेब्रिंगला तंबूत मुक्काम, दहाव्या दिवशी सकाळी तांगलांगला आणि पलीकडे रुमत्से. अकराव्या दिवशी ग्या नदीच्या लाल-जांभळ्या घळीतून उपशीला सिंधूवर उतरायचं आणि तिथून लेह. बारावा आराम, तेरावा खारदुंगला.

एवढी रजा नाही म्हणाल. मग खारदुंगला सोडा, लेहला पोचून घरी या. किंवा मनाली–लेह दोन भागांत करा: या वर्षी जिस्पा आणि बारालाचापर्यंत जाऊन परत. पण जिस्पाची जादा रात्र आणि झिंगझिंगबारची रात्र कापू नका. कापायचं ठरतं तेव्हा लोक नेमके हेच दोन दिवस कापतात, कारण कागदावर ते रिकामे दिसतात.

तुमच्या बीआरएमच्या सवयीबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. बीआरएमने तुम्हाला सोसायला शिकवलं, तो गुण आहे. पण झोप तोडणं, डोकं दुखलं तरी पुढचा कंट्रोल (वाटेतला तपासणीचा थांबा) गाठणं, साथीदाराला "होईल, चल" म्हणणं, हे सगळं त्याच शाळेतलं आणि इथे धोक्याचं. दम आणि सराव चांगला असला म्हणून उंचीचा आजार टळत नाही. उलट तगडा माणूस भरभर वर जातो, म्हणून तो आधी सापडतो. "मी इतका फिट, मला कसं होईल" या विचारातच पहिले काही तास वाया जातात.

लक्षणं तिघांनीही पाठ करा. डोकेदुखी आणि त्यासोबत मळमळ, भूक मेलेली, चक्कर किंवा विलक्षण थकवा यांतलं काही असेल, तर तो उंचीचाच त्रास समजायचा, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. अशा वेळी वर जायचं नाही. आहे तिथे थांबायचं, पाणी, हलकं खाणं, पॅरासिटॅमॉल. चोवीस तासांत उतार पडला तर पुढे, नाहीतर खाली. पण दोन गोष्टींत चोवीस तास काय, चोवीस मिनिटंही वाट पाहायची नाही. एक, बसल्या जागी धाप लागणं, आडवं झाल्यावर वाढणारा खोकला, छातीत खरखर, गुलाबी फेस: फुप्फुसात पाणी होतंय. दोन, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, विचित्र वागणं: मेंदूला सूज येतेय. दोन्हींत माणूस काही तासांत जाऊ शकतो.

म्हणून आमच्याकडे रोज संध्याकाळी जेवणाआधी एक कवायत असते. तंबूत दोन गाद्यांच्या मधल्या पट्टीवरून टाच पुढच्या पायाच्या अंगठ्याला टेकवत दहा पावलं चालायचं, वळायचं, परत यायचं. सगळ्यांनी, प्रमुखानेही. एकदा सरचूला एक तरुण मुलगा, दिवसभर सगळ्यांच्या पुढे चालवलेला, "डोकं जरा जड आहे" एवढंच म्हणत होता. हसत उठला. तिसऱ्या पावलाला पाय बाहेर पडला. "गादी मऊ आहे" म्हणाला. बाहेर खडीच्या सपाट जागेवर नेलं, तिथेही तेच. मग लक्षात आलं की मघापासून त्याला जॅकेटची चेन लावता येत नाहीये, खालचं टोक खाचेत बसवायचा प्रयत्न चाललाय आणि ते त्याला कळतही नाहीये. मेंदूची सूज उतरवणारं डेक्सामेथासोन दिलं, ऑक्सिजन लावला आणि रात्रीच गाडीने बारालाचा ओलांडून केलाँगच्या रुग्णालयात नेलं. तिसऱ्या दिवशी जेवायला लागला. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं याचा विचार मला करवत नाही.

यावरून पुढचं सांगतो. सपोर्ट गाडी न्याच, आणि ती रात्रीही निघू शकेल अशी हवी. म्हणजे ड्रायव्हर तिकडचा, त्या रस्त्याचा माहीतगार, दारू न पिणारा, आणि त्याला स्वतःला उंचीची सवय असलेला. गाडीत भरलेला मोठा ऑक्सिजन सिलिंडर, रेग्युलेटर आणि मास्कसह. दुकानात मिळणारे स्प्रेसारखे छोटे डबे काही मिनिटांत संपतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. फोनवरही दारचा सोडल्यापासून उपशीपर्यंत विसंबू नका. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, निदान एकाकडे तरी पोस्टपेड असू द्या. पांगला लष्कराचा तळ आहे आणि अडल्यानडल्याला जवान मदत करतात, पण ती आपली योजना नसावी.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर न्या, मात्र त्याला देव मानू नका. सरचूला ८५ च्या आसपासचा आकडा पाहून घाबरू नका, तिथे तो सर्वसाधारण आहे. थंड बोटावर तर तो काहीही दाखवतो. त्याचा खरा उपयोग तुलनेला: दोघांचे ८५ आणि तिसऱ्याचा ७० असेल तर त्या तिसऱ्याकडे नीट बघा. आकडा चांगला आणि माणूस मलूल, तर माणसावर विश्वास ठेवा.

डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल किंवा मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर. प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागायच्या आदल्या दिवसापासून, अशी पद्धत आहे. ती श्वास वाढवून शरीराला लवकर जुळवून घ्यायला मदत करते. त्रास झाकत नाही, म्हणून गोळी घेऊन लक्षणं लपतील ही भीती नको. पण ती वेळापत्रकाची भरपाईही करत नाही. लघवी जास्त होते आणि बोटांना मुंग्या येतात. सायकलवाल्यासाठी ही दुसरी बाब महत्त्वाची: हँडलच्या दाबाने, थंडीने आणि गोळीने येणाऱ्या मुंग्या सारख्याच वाटतात. म्हणून गोळी घरी असतानाच एक-दोन दिवस घेऊन बघा, म्हणजे ओळख पटते. स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी ती बंदी असलेल्या औषधांच्या यादीत आहे, तुम्हाला तो प्रश्न नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू मात्र जिस्पाच्या पुढे पूर्ण बंद.

तयारीचं बोलू. पुण्यात राहून उंचीची सवय होत नाही. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून वर जागाच नाही. तोंडाला लावायचे सरावाचे मास्क घेऊ नका, त्यांनी दम लागतो, सवय होत नाही. आपल्या हातात आहे ते एवढंच, की तिकडे दम अपुरा पडेल तेव्हा पायांकडून कमीत कमी खर्चात काम व्हावं. ५३०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो आणि तुमची कमाल ताकद एक तृतीयांशाहून अधिक घटलेली असते. म्हणजे सिंहगड ज्या जोराने चढता तो जोर तिथे नाहीच. तिथे ताशी ५ ते ७ किलोमीटरने चार-पाच तास न थांबता चढत राहायचं असतं.

त्याचाच सराव करा. चार महिने द्या. शनिवारी सिंहगड दोनदा, पण वेळ लावून नव्हे: तोंड मिटून, नाकाने श्वास घेत, बोलता येईल इतक्या हळू. रविवारी दमलेल्या पायांनी पुन्हा एकदा. महिन्यातून एकदा तीन दिवसांची सलग फेरी, वरंध किंवा ताम्हिणी उतरून कोकण, तिथून आंबेनळी चढून महाबळेश्वर, पसरणीने वाई आणि घरी. सलग तिसऱ्या सकाळी सॅडलवर बसताना काय दुखतं ते कळणं, हा या फेरीचा खरा हेतू. दुखेल ते आधी दुरुस्त करा: सॅडलची उंची, हँडलची लांबी, चड्डीची शिवण. पाचव्या दिवशी पटसेओला ते दुरुस्त होत नाही. निघण्याआधी रक्तदाब, ईसीजी, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासा. लोह कमी असेल तर शरीराला नवीन लाल पेशी बनवणं जड जातं, आणि ते भरून यायला आठवडे लागतात, म्हणून ही तपासणी आत्ताच करा.

पुण्याच्या प्रीती मस्के यांनी जून २०२२ मध्ये लेह ते मनाली एकटीने ५५ तास १३ मिनिटांत केलं, हे तुम्ही वाचलंच असेल. अफाट काम आहे. पण त्यावरून आपले ८ दिवस भरपूर आहेत असा अर्थ काढू नका. दिशा बघा: लेहहून निघणाऱ्याला ३५०० मीटरवर हवे तितके दिवस राहून, वर-खाली करून, शरीर तयार झाल्यावर निघता येतं. शिवाय तिथे वाटेत उंचावर रात्रभर झोपायचं नसतं. मनालीहून निघालेल्याला ही तयारी रस्त्यातच करावी लागते. तुम्हालाही विमानाने लेह गाठून तिथे चार-पाच दिवस राहून उलट यायचा पर्याय आहे, वाईट नाही. मला मात्र मनालीहूनच आवडतं, कारण देवदार, मग गवत, मग खडक, मग नुसती माती असा देश पायाखाली बदलत जातो.

सायकल कोणती यावर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात, खरं तर सगळ्यात कमी घालवायला हवा. रस्ता आता बहुतेक डांबरी आहे, तुटलेले पट्टे आणि नाले आहेत. हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल) किंवा रुंद टायरची ग्रॅव्हल सायकल, दोन्ही चालतात. टायर ४० ते ५० मिलिमीटर. सगळ्यात खालचा गिअर मात्र तडजोडीचा विषय नाही: पुढचं दातेरी चाक मागच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चाकाहून लहान हवं, म्हणजे पुढे ३२ दात्यांचं तर मागे ४२ किंवा त्याहून मोठं. रोड बाइकचं ३४–३४ तांगलांगलाला पुरत नाही. डिस्क ब्रेक, आणि त्यांचे दोन जोड पॅड, आधी घासून बसवलेले. डिरेलरचा हँगर (गिअर बदलणारा मागचा भाग जिला टांगलेला असतो ती पट्टी) तुमच्याच मॉडेलचा, तो वाटेत कुठेही मिळणार नाही. चेनचे जोड, ट्यूब, टायरला आतून लावायचा तुकडा, मागच्या चाकाचे आरे. "वर हवा पातळ, टायर फुटेल का" असं कोणीतरी विचारतंच. नाही. बाहेरचा दाब अर्ध्या बारने घटतो, म्हणजे टायरला ७ पीएसआय जास्त भरल्यासारखं होतं, आणि थंडीने त्यातलं काही कमीही होतं.

कपड्यांत लोक चढाचा विचार करतात, उताराचा करत नाहीत. बारालाचावर घामेजलेले पोचता आणि लगेच मोठा उतार सुरू होतो. पहिल्या दहा मिनिटांत बोटं बधिर होतात आणि ब्रेक दाबताना किती दाबला ते कळत नाही. खिंडीच्या अलीकडे दोनशे मीटरवर, वाऱ्याच्या आडोशाला थांबा. ओला बनियन बदला, वारारोधक जॅकेट, जाड हातमोजे, कानांवर टोपी, आणि मगच माथ्यावर जा. माथ्यावर वाऱ्यात कपडे बदलायचं कोणाला सुचत नाही. गॉगल चांगला घ्या, ओठांना आणि नाकाला क्रीम: दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात.

खाण्याचं आपल्याकडचंच न्या. वर भूक मरते, गोड जेल तर दोन दिवसांत नकोसे होतात. शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, तिखट-मिठाचा चिवडा हे तोंडाला चव असेपर्यंत जातं. ढाब्यावर भात-डाळ, थुकपा, आमलेट मिळतं. दर पाऊण तासाला दोन घास, भूक असो-नसो. पाणी दिवसाला चार लिटरच्या आसपास, मीठ-साखरेसकट. नुसतं पाणी ढोसून डोकेदुखी जाते असं जे सांगतात ते खरं नाही, उलट अंगातलं मीठ घटतं.

आता महिना. जुलै आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा मनाली–रोहतांग बाजूला पावसाचा. दरडी, चिखल, बंद रस्ता. जुलै २०२३ मध्ये कुल्लू–मनाली खोऱ्यात बियासने रस्ताच वाहून नेला होता. बारालाचाच्या पलीकडे पाऊस कमी, पण तिथे बर्फ वितळून नाले फुगतात. सकाळी घोट्याएवढं पाणी असलेला नाला दुपारी तीनला गुडघ्यापर्यंत, आणि बर्फासारखं गार. सायकल खांद्यावर घेऊन गोल दगडांवर पाय टाकायचा ते दुपारी फार जिवावर येतं. मी म्हणेन २५ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर. रात्री सरचूला गोठतं, चांगली स्लीपिंग बॅग लागते, पण आकाश स्वच्छ, नाले उतरलेले, गर्दी ओसरलेली. रोहतांगने जा. अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून लेहकडचे ट्रक त्यातून जातात, खिंडीचा रस्ता सायकलला निवांत झालाय, आणि ३९७८ मीटरची पहिली ओळखही होते.

खारदुंगला लेहहून सुमारे ४० किलोमीटर, चढ १८०० मीटरच्या वर. साउथ पुल्लूपर्यंत रस्ता चांगला, पुढे वितळत्या बर्फाने खराब. वरच्या पाटीवर बरीच वर्षं १८३८० फूट लिहिलेलं होतं, प्रत्यक्ष मोजमापात खिंड ५३५९ मीटर भरते, म्हणजे सुमारे १७५८० फूट. जगातला सगळ्यात उंच गाडीरस्ता म्हणून जात असाल तर तो मान आता खारदुंगलाचा नाही. पण अकरा दिवस चालवून आलेल्या शरीराला हा चढ जो आनंद देतो तो दुसरा कोणी देत नाही. पहाटे पाचला निघा, दुपारी एकच्या आत माथा, आणि उतरताना वळणांवर ट्रकला वाट द्या.

परतीला लेहची विमानं बहुतेक सकाळची असतात, कारण दुपारी वारा सुटतो. म्हणजे सायकल आदल्या संध्याकाळीच खोक्यात भरावी लागते. पेडल, हँडल आणि पुढचं चाक काढा, टायरमधली हवा सोडा, हँगरभोवती पुठ्ठा गुंडाळा, आणि हवा भरायच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्या कोणाला तरी देऊन टाका. त्या विमानात नेऊ देत नाहीत. खोकी लेहच्या सायकल दुकानांत मिळतात, पण खारदुंगला करून आल्यावर शोधत फिरायला अंगात काही उरत नाही, ती आरामाच्या दिवशीच आणून ठेवा.